एक गोळी, दोन भोकं

मी एक जुनी घोंगडी आहे. अर्धी घोंगडी म्हटलं तरी चालेल. मित्रांनो, तुमच्या घरी मऊ रग असतील, फुलाफुलांच्या चादरी असतील. मला पाहून तुम्ही म्हणाल, हे काळं टोचरं फडकं कशाला जपून ठेवलंय? ते सांगायलाच मी बसले आहे. पण एक गोष्ट आधी कबूल करते. माझा स्वभाव संशयी आहे. कागद घेऊन कोणी दारात आलं की मला बरं वाटत नाही. असं का, ते माझी हकिगत ऐकून तुम्हीच ठरवा.

माझा जन्म आटपाडीचा. तिथल्या हरिबा सणगराच्या मागावर मी विणले गेले. लोकर काळ्या मेंढ्यांची, तिला रंग म्हणून लावलेला नाही. हरिबाची बायको तानुबाई हिनं सूत कातलं. चिंचोके भरडून, शिजवून त्यांची खळ केली आणि कुंच्यानं ती सुतावर फासली. त्या खळीमुळे मी नवी असताना पुठ्ठ्यासारखी ताठ होते. उभी केली तर उभी राहायची.

बाजारात मला आकारामनं घेतलं. तो वडूजपासून दोन कोसांवरच्या एका गावचा. कोरडवाहू रान, दोन बैल, नवी नवरी साळूबाई आणि पुढं वर्षा-दोन वर्षांत पाळण्यात कृष्णात, एवढा त्याचा संसार. आकाराम मला पावसात पांघरायचा, थंडीत गुंडाळायचा, उन्हात झाडाखाली अंथरायचा. गावात तंटा झाला की पंचांना बसायला मलाच नेत. "आकारामची घोंगडी आणा रं," असं कोणी म्हटलं की मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, मी तेव्हा जरा गर्विष्ठ होते.

मग बेचाळीस साल आलं. भादव्याचे दिवस होते. आसपासच्या गावांतली माणसं झेंडा घेऊन कचेरीवर निघाली. भुरभुर पाऊस होता, म्हणून आकारामनं माझी खोळ केली. खोळ म्हणजे काय, ते आता तुम्हाला सांगावं लागेल. घोंगडी मधोमध दुमडायची, एका बाजूचं टोक आत मुडपायचं आणि टोपीसारखं डोक्यावर घ्यायचं. मग पाठीवर घोंगडीचे दोन पदर येतात आणि पाऊस आत येत नाही.

पाऊस आला नाही. गोळी आली.

कचेरीपुढं पोलिसांनी बंदुका चालवल्या. शेजारचा एक म्हातारा खाली पडला. त्याला उचलायला आकाराम वळला आणि वाकला. त्याच वेळी गोळी माझे दोन्ही पदर फोडून त्याच्या पाठीत शिरली आणि तिथंच राहिली. हे मी पाहिलं. मी पाहिलं एवढंच, कारण घोंगडीला कोण विचारणार?

चौघांनी त्याला बैलगाडीतून घरी आणलं, माझ्यातच गुंडाळून. घरी येईतो तो गेला होता. साळूबाईला रडायलाही सवड मिळाली नाही. पोलीस गावोगाव फिरत होते. ज्या घरात गोळी लागलेला माणूस सापडेल, ते घर मोर्चेवाल्याचं. शेजारच्या गावात त्यांनी धान्यात रॉकेल ओतलं होतं आणि घरांतली भांडी जप्त करून नेली होती. साळूबाईनं प्रेत धुतलं, मला कणगीमागं कोंबलं आणि पोलीस पाटील नानासो दारात आले तेव्हा त्यांना सांगितलं, "ताप आलाता. तीन दिस उतरला न्हाई."

नानासो आत आले. कणगीमागं त्यांची नजर गेली. त्यांनी माझी कड उचलली, रक्तानं ओलं झालेलं माझं अंग पाहिलं आणि कड पुन्हा खाली सोडली. मग ओट्यावर बसून त्यांनी जन्ममृत्यूच्या बुकात लिहिलं: तापाने मयत. जाताना एवढंच म्हणाले, "ती जाळून टाक." पुढं दर वर्षी एकदा ते विचारायचे, "जाळलीस न्हवं?" साळूबाई म्हणायची, "कवाच." आणि मी कणगीमागून ऐकायची.

तीस वर्षं मी लपून राहिले. वाईट वाटायचं का? वाटायचं. ज्या घोंगडीवर पंच बसायचे, ती उंदरांच्या वाटेवर पडली होती. पण साळूबाईनं माझी आबाळ केली नाही. दर वैशाखात कोणी नसताना ती मला परसात उन्हात टाकायची, काठीनं झटकायची, कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा गुंडाळायची. धुतलं मात्र कधी नाही. कृष्णात मोठा झाला तरी वडील तापानं गेले असंच त्याला ठाऊक होतं. मधल्या काळात गावोगावी प्रौढांना शिकवण्याची मोहीम आली, तेव्हा साळूबाई चाळिशीला टेकलेली असूनही पाटी घेऊन बसली. बाया हसल्या. तिनं एकीला सांगितलं, "लिवाय आलं न्हाई तरी चालंल. दुसऱ्यानं काय लिवलंय ते तरी कळाय पायजे."

आता बहात्तर सालाकडं येते. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली आणि सरकारला बेचाळीस साल आठवलं. जे तुरुंगात गेले, जे गोळीनं मेले, त्यांच्या घरच्यांना मानपत्र आणि पेन्शन मिळणार होतं. कराडकडच्या एका साखर कारखान्यानंही जाहीर केलं की अशा घरातल्या एकाला आम्ही कामावर घेऊ, शिवाय दाराशी एक स्तंभ उभारून त्यावर नावं कोरू. त्या वर्षी आमच्याकडं दुष्काळ असा होता की विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरावं लागे. कृष्णात दुष्काळी कामावर खडी फोडत होता. त्याच्या हातांना फोड येऊन फुटून पुन्हा आले होते.

तेव्हा साळूबाईनं त्याला खरं सांगितलं. मला बाहेर काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. मग त्यानं अर्ज केला.

अर्ज परत आला. आकारामला घरी आणणाऱ्या चौघांपैकी कोणी साक्षीला उरलं नव्हतं. बुकात लिहिलं होतं: तापाने मयत.

साळूबाईला भीती वेगळीच होती. ती कृष्णातला म्हणाली की सरकारला खोटी खबर मी दिली, आता गोळीचं सांगितलं तर मलाच धरतील. तीस वर्षांनी हे देणं का सुचलं, हेही तिला कळत नव्हतं. बेचाळीसला नावं गोळा करायला माणसं आली होती, आताही नावंच गोळा करत होती. मला विचाराल तर माझाही विश्वास नव्हता. माझ्या अंगात अजून त्यांच्या गोळीची वाट होती.

अशात हंबीरराव जीप घेऊन आले. हे नानासोंचे चिरंजीव, कारखान्याचे संचालक. नानासो वारून चार वर्षं झाली होती. हंबीररावांनी साळूबाईला काकू म्हणून नमस्कार केला, चहा घेतला आणि खिशातून टाईप केलेला कागद काढला. त्यांचं म्हणणं असं की वडिलांनी नोंद ताप म्हणून केली ते मरताना मला सांगून गेले. मी तसं सरकारला लिहून देतो, म्हणजे तुमचं काम झालं. कृष्णातला काट्यावर घेतो, उसाच्या गाड्या वजन करायच्या, सावलीतलं काम. तुम्ही फक्त या कागदावर अंगठा उठवायचा. शाईचं पॅडही त्यांनी सोबत आणलं होतं.

"ठिवा," साळूबाई म्हणाली. "वाचते."

हंबीरराव हसले. पण ती खरंच वाचायला बसली. एकेका अक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत. इतका वेळ लागला की जीपचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर मान टाकून झोपला. कागदात लिहिलं होतं की मोर्चाचे पुढारी नानासो होते, झेंडा त्यांच्या हाती होता, आकाराम त्यांच्याशेजारी पडला आणि इंग्रजांना चकवण्यासाठी नानासोंनी तापाची नोंद केली.

"झेंडा कुणाच्या हातात हुता म्हनला?" तिनं विचारलं.

हंबीरराव म्हणाले की एवढ्या वर्षांनी कोणाला काय आठवतंय, स्तंभावर आबांचं, म्हणजे नानासोंचं, नाव पहिलं येणार आहे, दगड घडवायला दिलाय. परवा तालुक्याचे साहेब चौकशीला येतील, तेव्हा त्यांच्यासमोर अंगठा द्या. कागद आणि पॅड ठेवून ते गेले.

त्या दोन दिवसांत घरात नीट जेवण झालं नाही. कृष्णात म्हणाला, "आई, उठीव अंगठा. मेलेल्या माणसाच्या हातात झेंडा दिला तर कुणाचं काय जातंय? त्येनी आपल्यासाठी खोटं लिवलं हुतंच की."

"लिवलं," ती म्हणाली. "तेच मला खातंय. उपकार हाय त्येंचा. पर मोर्चात जी मेली, त्येंच्या म्होरं ह्येनला हुबं करू व्हय?"

"आन माझं हात?" कृष्णातनं तळवे पुढं केले.

तिनं त्याच्या तळव्यांना तेल लावलं.

तिसऱ्या दिवशी चौकशीला चिंतामणराव आले. ते मूळचे वाईचे, कचेरीतले अव्वल कारकून. पांढरी पँट, काखेत फायली, चेहऱ्यावर अविश्वास. त्यांचाही दोष नव्हता. ते सांगत होते की खोट्या अर्जांनी कपाट भरलंय. एकानं बेचाळीसला तुरुंगात होतो असं लिहिलं, दाखला पाहिला तर तेव्हा तो तीन वर्षांचा.

"आईसंगं गेला आसंल," साळूबाई म्हणाली. चिंतामणराव हसले नाहीत, पण त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

हंबीररावही येऊन बसले होते. साळूबाई आत गेली आणि मला घेऊन आली. तीस वर्षांनी मी ओट्यावर अंथरले गेले. पाव्हण्यांचा मान म्हणून त्या दोघांना तिनं माझ्यावर बसवलं. मग ती सावकाश म्हणाली, "साहेब, तुमच्या वाईकडं रीत आसंल-नसंल. आमच्याकडं पंच घोंगडीवर बसत्यात, आन घोंगडीवर बसल्यालं मानूस खोटं बोलत न्हाई. म्याबी बसते." आणि ती माझ्या कडेवर टेकली.

तिनं सगळं सांगितलं. ताप तिनं सांगितला. नानासोंनी कड उचलून पाहिली, त्यांना कळलं आणि तरी त्यांनी ताप लिहिला. मोर्चात ते नव्हते. त्या दिवशी ते चावडीत होते.

हंबीरराव उठून उभे राहिले. "काकू, आमच्या आबांनी तुमच्यासाठी पाटीलकी पणाला लावली. त्याचं हे फळ?"

"तेच लिवा की," साळूबाई म्हणाली. "म्या आंगठा न्हाई, सही करते. पोलीस पाटील आसून त्येनी एका बाईचं घर वाचवलं. ह्ये काय कमी हाय? दगडावर ह्ये कोरा."

हंबीररावांना ते नको होतं. त्यांना झेंडा हवा होता. कागद उचलून ते जीपमध्ये बसले. काट्यावरची नोकरी त्या जीपमधूनच गेली. कृष्णात भिंतीला टेकून जीपची धूळ खाली बसेपर्यंत पाहत राहिला.

चिंतामणराव आता मला तपासायला लागले. त्यांनी मला पूर्ण उलगडलं आणि मान हलवली. एक भोक इकडं होतं, दुसरं चार हात लांब तिकडं. एका गोळीची दोन भोकं, तीही एवढ्या अंतरावर? ते म्हणाले, "बाई, ही कसर आहे. लोकरीला कसर लागतेच."

साळूबाईनं मला उचललं, मधोमध दुमडलं, टोक मुडपलं आणि कृष्णातच्या डोक्यावर खोळ घातली. त्याला पाठमोरं उभं केलं. मग आपलं बोट पाठीवरच्या भोकात घातलं. बोट दोन्ही पदरांतून आरपार जाऊन कृष्णातच्या पाठीला लागलं. कृष्णात शहारला.

चिंतामणरावांनी चष्मा पुसला. स्वतःचं बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, "पण पाठीत? म्हणजे पळत होता?"

मी ओरडून सांगितलं असतं, मित्रांनो. पण साळूबाई तिथं नव्हती, तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "मला म्हाईत न्हाई. पळत आसंल तर काय गोळी खोटी हुती व्हय?"

चिंतामणराव खाली बसले. त्यांनी पंचनामा लिहिला. खिशातल्या पट्टीनं दोन्ही भोकं मोजली, दुमडीपासून किती, काठापासून किती. मग म्हणाले की हा पुरावा कचेरीत जमा करावा लागेल, मी रीतसर पावती देतो.

"बेचाळीसला शेजारच्या गावची भांडी न्हेली, तवाबी पावत्या दिल्त्या," साळूबाई म्हणाली. "पावत्या हायत. भांडी कुटं हायत?"

ते म्हणाले नियम आहे. वस्तू जमा केल्याशिवाय फाईल पुढं जाणार नाही.

साळूबाई आत गेली आणि विळी घेऊन आली. कृष्णात "आई" म्हणेपर्यंत तिनं विळीवर पाय दिला, माझी दुमड पात्याला लावली आणि मला ओढलं. मित्रांनो, विणलेली वस्तू कापली जाते तेव्हा काय होतं, ते मी नीट सांगू शकणार नाही. बाजूबाजूनं असलेले धागे एकमेकांना सोडतात, एवढंच. तिनं एक अर्धी चिंतामणरावांपुढं ठेवली.

"एक भोक तुमचं, एक आमचं. जोडल्याबिगार तुमचं काय बोलनार न्हाई, आन आमचंबी."

तुमच्याशी बोलते आहे ती मी घरात राहिलेली अर्धी. दुसरी अर्धी लाल फडक्यात बांधून एस.टी.नं गेली.

पुढं तीन वर्षं काही झालं नाही. पाऊस पडला, खडीचं काम संपलं, कृष्णात पुन्हा रानात गेला. साळूबाईनं माझ्या कापलेल्या कडेला टाके घातले म्हणजे सूत उसवू नये. वैशाखात ऊन, मग निंबाचा पाला, हे चालूच होतं. आता मला लपवायची गरज नव्हती, त्यामुळे आल्या-गेल्याला मी दिसायची आणि लोक विचारायचे. काही जण मागं बोलायचे की म्हातारीनं सोन्यासारखी नोकरी घालवली आणि घोंगडीही फाडली. कृष्णातही एकदा रागाच्या भरात तेच बोलला.

मग कचेरीचं पत्र आलं. पडताळणीसाठी घोंगडीचा उर्वरित भाग तात्काळ सादर करावा. साळूबाईनं कार्ड मागवलं आणि स्वतःच्या हातानं, गिरवल्यासारख्या अक्षरात लिहिलं: तुमचा भाग घेऊन या. मी घरीच आहे.

कोणी येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. मलाही नाही. पण चिंतामणराव आले. केस पांढरे झाले होते, महिन्याभरात ते निवृत्त होणार होते. काखेत लाल फडकं आणि जन्ममृत्यूचं जुनं बुक. त्यांनी फडकं सोडलं आणि मान खाली घातली.

माझी दुसरी अर्धी मी ओळखली नाही. तिला उंदरांचा आणि ओल्या भिंतीचा वास येत होता. कसरीनं तिची चाळण केली होती. शंभर भोकं होती, त्यातलं गोळीचं कुठलं ते देवालाही सांगता आलं नसतं.

"आम्ही जपली नाही," चिंतामणराव म्हणाले. त्यांनी दुसऱ्या कोणावर ढकललं नाही, हे मला आवडलं.

साळूबाईनं मला शेजारी अंथरलं. माझ्या अंगावर एकच भोक होतं, गोल, बोट जाईल एवढं. चिंतामणरावांनी तीन वर्षांपूर्वीचा स्वतःचा पंचनामा काढला, पट्टी लावली आणि मोजलं. दुमडीपासून तेवढंच. काठापासून तेवढंच. तहसीलदारांनी ठरवलं होतं की भाग जुळले तर नोंदीपुढं शेरा मारायचा. एक भाग चाळण झाला होता, तरी चिंतामणरावांनी पेन काढलं.

"हितंच लिवा. माझ्यासमोर," साळूबाई म्हणाली. "च्या मागनं घ्या."

त्यांनी बुक उघडलं. नानासोंचं अक्षर अजून स्पष्ट होतं. त्यापुढं त्यांनी लिहिलं: सदर इसम गोळी लागून मयत. तापाची नोंद चुकीची.

साळूबाईनं बोट ठेवून वाचलं. दोनदा वाचलं. "चुकीची न्हाई," ती म्हणाली. "चुकीची म्हनलं की लिवनाऱ्याची चूक हुती. त्येंची चूक न्हवती. म्या सांगितली म्हनून लिवा."

"बाई, त्यात तुम्ही अडकाल," चिंतामणराव हळूच म्हणाले.

"मला म्हाईत हाय. लिवा."

त्यांनी लिहिलं: पोलिसांच्या भीतीमुळे पत्नीने तशी खबर दिली. खाली सही केली. साळूबाईनं पुन्हा वाचलं, खाली आपलं नाव लिहिलं आणि मग चुलीवर आधण ठेवलं. कृष्णात ते पान कितीतरी वेळ धरून बसला होता. चहा निवला तरी त्यानं कप उचलला नाही.

पेन्शनचा अर्ज अजून वर आहे. वर म्हणजे कुठं, ते कोणी सांगत नाही. कारखान्याच्या स्तंभावर पहिलं नाव कोणाचं आहे, ते बघायला आमच्या घरचं कोणी गेलेलं नाही. साळूबाईला अजून कोणी धरायला आलं नाही, पण जीपचा आवाज आला की ती हातातलं काम थांबवते.

माझी चाळण झालेली अर्धी आता माझ्याखाली अंथरलेली असते. तिला वर घेतलं तर ती विरून जाईल.

मित्रांनो, तुमच्या घरात अशी एखादी काळी, टोचरी, जुनी वस्तू असेल. तिला वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा. ती कोणाची होती, तिला काय झालं, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि लगेच सांगितलं नाही तर पुन्हा विचारा. आणि कोणी कागद घेऊन दारात आलंच, तर त्याला बसायला द्या, पाणी द्या, आणि त्याला कितीही घाई असली तरी सही करण्याआधी सगळा कागद सावकाश वाचून काढा.